सोसणे, बाधणे आणि अ‍ॅलर्जी

नंदुरबारात अ‍ॅलर्जीचा डॉक्टर म्हणून बसलेल्या माणसाकडे दसऱ्यानंतर जे रुग्ण येतात, त्यांतल्या अनेकांचे पहिले वाक्य एकच असते : "माले मिरचीनी अ‍ॅलर्जी शे." ते कधी अहिराणीत येते, कधी गुजर बोलीत, तर कधी भिली बोलणाऱ्या आजीसोबत आलेला नातू ते मराठीत करून सांगतो. गुंटूरखालोखाल देशातली मोठी मिरची बाजारपेठ म्हणून या गावाचे नाव घेतले जाते. ओली लाल मिरची बाजार समितीत लिलावाने विकली जाते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या माळांवर वाळायला पसरली जाते. या वाळवणाच्या जागेला इथे पथारी म्हणतात. ती मिरची पसरणे, उलटणे, डागी वेगळी काढणे, देठ खुडणे, पोती भरणे ही कामे बहुतेक बायकांची. दिवाळीच्या सुमारास वारा पथारीकडून गावाकडे वाहू लागला की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. मग जी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या ढिगाशेजारी बसते तिला खोकला येतो, नाक वाहते, डोळे चुरचुरतात, आणि तिने त्याला अ‍ॅलर्जी म्हटले तर तिचे काय चुकले?

तरीही ते बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते. ते का नसते हे समजावून सांगण्यात माझ्या कामाचा मोठा वाटा जातो.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यात असतो. आपल्या त्वचेत, नाकात, घशात, श्वासनलिकेत उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात, त्यांच्यावर कॅप्सेसिन थेट जाऊन बसते. भाजल्यावर जो निरोप मेंदूकडे जातो, तोच निरोप काहीही न भाजता जातो. ज्या ग्राहीमुळे हे घडते तो सॅन फ्रान्सिस्कोमधल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्या शोधाचा वाटा होता. म्हणजे मिरचीचा ठसका ही मज्जासंस्थेची गोष्ट आहे. रोगप्रतिकारशक्तीचा तिच्याशी संबंध नाही. पथारीवर मालक गेला तरी त्याला ठसका लागेल, मी गेलो तरी मला लागेल. धूळ जास्त तर ठसका जास्त. अ‍ॅलर्जीचे वागणे याच्या उलट असते. ती दहा जणांत एकालाच होते, थोड्याशा वस्तूनेही होते, आणि त्या वस्तूशी शरीराची आधी ओळख झालेली असावी लागते. उरलेल्या नऊ जणांना त्या वस्तूचे काहीच वाटत नाही.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण पथारीवरच्या बाईच्या खिशातून तो पैसे काढतो किंवा वाचवतो. ठसक्यावर अ‍ॅलर्जीची गोळी चालत नाही. ती घेऊन फक्त झोप येते, आणि देठ खुडण्याची मजुरी जेवढे खुडले तेवढीच असेल तर पेंगत काम करणाऱ्या बाईची मजुरी बुडते. म्हणून मी गोळी लिहिण्याआधी विचारतो : सुटीच्या दिवशी कसे असते? पथाऱ्या आवरल्यावर, चैत्र-वैशाखात कसे असते? रात्री झोपेतून उठवणारा खोकला आहे का? छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का? घरी आईला, मावशीला, भावाला दमा आहे का? "काम थांबले की दोन तासांत बरे वाटते," असे उत्तर आले तर तो ठसका. "मिरची नसतानाही पहाटे तीनला उठून बसावे लागते," असे आले तर हा दमा असण्याची शक्यता अधिक. मिरचीने तो केलेला नसतो, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला ती दररोज डिवचत असते. अधूनमधून तिसरी गोष्टही निघते. अवकाळी पावसाने भिजलेली, बुरशी धरलेली मिरची निवडायला बसल्यावरच जिला त्रास होतो, तिच्या बाबतीत बुरशीच्या बीजांची खरीखुरी अ‍ॅलर्जी शोधावी लागते.

हे ठरवायला मोठे यंत्र लागत नाही. पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी असते. तिच्यात जोराने फुंकले की काटा सरकतो. ती पंधरा दिवस घरी द्यायची आणि दिवसातून चार वेळा फुंकायला सांगायचे, कामावर असताना आणि नसतानाही. आकडे वाचता येत नसतील तर नळीवर हिरवी, पिवळी, लाल चिकटपट्टी लावतो आणि कॅलेंडरवर त्याच रंगाची टिकली लावायला सांगतो. मोसमाच्या अखेरीस अशी टिकल्यांनी भरलेली कॅलेंडरे माझ्या टेबलावर येतात. कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा ती मला अधिक सांगून जातात.

"मिरचीपासून लांब राहा" असे लिहून देणे सर्वांत सोपे, आणि त्याइतका निरुपयोगी सल्ला नाही. वाऱ्याला पाठ करून बसणे, नाकावर घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांना हात न लावणे, घरी जाऊन पोराला उचलण्याआधी लुगडे बदलणे, आणि हात नुसत्या पाण्याने न धुता आधी तेल चोळून मग साबणाने धुणे (कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही) एवढे जमण्यासारखे असते. दमा असेल तर रोजचा इन्हेलर. इन्हेलरची "सवय लागते" ही समजूत शहादा-तळोद्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत सारखीच पसरलेली आहे. तिच्याशी भांडण्यात माझी बरीच दुपार जाते.

मराठीत अ‍ॅलर्जी हा शब्द आता इतका रुळला आहे की नावडत्या माणसाचीही अ‍ॅलर्जी असते. त्याआधी आपल्याकडे या अनुभवासाठी शब्द नव्हते असे नाही. आंबा सोसत नाही, वांगे बाधते, अंगावर पित्त उठते, गांधी येतात, बिब्बा उततो. हे शब्द चांगले आहेत, फक्त एकेका शब्दात चार-चार वेगळे आजार राहतात. दूध 'सोसत नाही' म्हणणाऱ्या प्रौढ माणसाला बहुधा दुधातली साखर पचत नसते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. वांगे 'बाधले' म्हणणाऱ्याला कधी पित्ताचा त्रास असतो. अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरचे काम म्हणजे या 'सोसत नाही'च्या गाठोड्याची गाठ सोडून आतले कपडे वेगवेगळे ठेवणे.

मूळ शब्द १९०६ सालचा. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचत. काही मुलांना पहिल्या खेपेला काही होत नसे. दुसऱ्या खेपेला ताप, पुरळ, सांधेदुखी होई. जे औषध वाचवते त्यालाच शरीर वेगळ्या रीतीने उत्तर देते, हे पाहून त्यांनी 'दुसरे' आणि 'कार्य' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांतून अ‍ॅलर्जी हा शब्द घडवला. रक्तातला कोणता घटक हे करतो ते कळायला पुढे साठ वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे एक प्रतिपिंड ओळखला, आज आपण त्याला आयजीई म्हणतो. परागकण, धुळीतली कोळी-कीड, झुरळाची विष्ठा, शेंगदाणा अशा एखाद्या वस्तूविरुद्ध हा आयजीई तयार होतो आणि शरीरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतो. वस्तू पुन्हा आली की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडते, आणि काही मिनिटांत शिंका, गांधी, धाप सुरू होते.

आता याच आयजीईची रक्ततपासणी गावोगाव पोहोचली आहे. धडगावच्या एका पाड्यावरून आलेल्या शाळकरी मुलाच्या फाइलीत मला 'एकूण आयजीई' सामान्याच्या कित्येक पटींनी वाढल्याचा कागद सापडतो. त्याच्याच पाठीशी दीडशे-दोनशे पदार्थांची यादी आणि शेवटी काय-काय खाऊ नये ते. प्रयोगशाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असे अहवाल अनेक ठिकाणांहून येतात. या अहवालातली पहिली गोष्ट बहुतेक निरर्थक असते. आयजीई हे प्रतिपिंड मुळात जंतांशी लढण्यासाठी असावे, असे मानले जाते. ज्या मुलाच्या पोटात जंत आहेत त्याचा आयजीई वाढलेलाच असणार. अनवाणी चालणाऱ्या, उघड्यावरचे पाणी पिणाऱ्या मुलात त्या आकड्याचा अर्थ 'अ‍ॅलर्जी' असा लावण्याआधी जंतांची गोळी द्यावी. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी फार वाढलेल्या, रात्रीचा कोरडा खोकला आणि धाप असे दिसले, तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. वाइनगार्टेन यांनी १९४३ साली वर्णन केलेली 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' ही हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारी स्थिती दम्याचे सोंग घेते. डायइथिलकार्बामाझिनच्या स्वस्त गोळ्यांनी ती बरी होते. तिला दमा समजून वर्षानुवर्षे उपचार झाले तर फुप्फुसे कायमची आखडतात.

यादीतली दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. त्वचेवरची चाचणी असो की रक्तातली, ती फक्त एवढेच सांगते की शरीराने त्या वस्तूची ओळख ठेवली आहे. ती खाऊन त्रास होतो की नाही हे ती सांगत नाही. अंड्याची चाचणी होकारार्थी आणि मूल रोज मजेत अंडे खाते, असे पुष्कळदा दिसते. पुण्या-मुंबईत अशा मुलाचे अंडे बंद केले तर पनीर येईल, डाळ येईल. नंदुरबार हा कुपोषणामुळे वर्तमानपत्रात येणारा जिल्हा आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. काही घरांत आठवड्यातले चांगले प्रथिन म्हणजे तेच अंडे. कागदावरच्या एका होकारावरून ते तोडायचे असेल तर त्या मुलाला अंडे खाल्ल्यावर तास-दोन तासांत खरोखर काही झाले होते का, हे आईला विचारलेच पाहिजे. आणि आईला आठवत नसेल, तर डॉक्टरने समोर बसवून थोडे-थोडे अंडे भरवून पाहावे. याला दिवस जातो, कागदाला पाच मिनिटे लागतात.

शेंगदाण्याची गोष्टही अशीच. लंडनमधल्या गिडिअन लॅक यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत धोका जास्त असलेली ६४० बाळे घेतली होती. ज्यांना तान्हेपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टाळलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. खानदेशात दाण्याचे कूट कशात नसते? आमच्या आज्या कूट घातलेली पातळ भाजी बाळाच्या ओठाला लावतात ती या चाचणीच्या आधीपासून. शास्त्राला इथपर्यंत यायला वेळ लागला म्हणून आज्यांचे सगळेच बरोबर असे मात्र कुणी धरू नये. याच घरांत बाळाच्या पोटावर बिब्ब्याचा चटका देणारी आजीही असते.

बिब्ब्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. सातपुड्यात अ‍ॅलर्जीचा जो प्रकार मी सर्वांत जास्त पाहतो, त्याच्या मुळाशी हे झाड आहे, आणि शहरातल्या पाठ्यपुस्तकात त्याला चार ओळी असतात.

बिब्बा किंवा भिलावा हे झाड अक्राणी, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या रानात सहज सापडते. त्याच्या काळ्या बीच्या कवचात एक दाट तेल असते. हवेत ते काळे पडते आणि कापडावरून जात नाही. पूर्वी परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. पायाच्या भेगांवर बिब्बा, सांधे धरले तर बिब्बा, बाळंतिणीला बिब्बा, नजर लागू नये म्हणून गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बिब्बा. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगीच आला नसावा. आयुर्वेदात तो शोधन केल्याशिवाय वापरू नये असा दंडक आहे आणि तो दंडक घालणाऱ्यांना उतणे म्हणजे काय हे नक्कीच माहीत होते.

या तेलातली द्रव्ये अमेरिकेतल्या विषारी आयव्ही वेलीतल्या उरुशिओलची सख्खी भावंडे आहेत. ती त्वचेत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि त्या जोडीला शरीर परके समजते. इथे आयजीईचा काही संबंध नाही. काम टी पेशींचे असते. या पेशी सावकाश येतात. लागल्यानंतर बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी खाज, लाली, सूज, पाण्याने भरलेले फोड येतात. त्यामुळे रुग्ण हमखास भलत्याच गोष्टीला दोष देतो. सोमवारी रानात बिब्बे फोडले, बुधवारी हातावर फोड आले. मंगळवारी रात्री मासे खाल्ले होते, म्हणून मासे बंद. अशा आजारात त्वचेवर टोचून पंधरा मिनिटांत उत्तर देणारी चाचणी उपयोगाची नाही. त्याला पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी व पुन्हा दोन-तीन दिवसांनी पाहायची पॅच टेस्ट लागते. ती यादासोन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली प्रथम सांगितली. पण बिब्ब्याचे तेल मी पट्टीवर लावत नाही. ते इतके जहाल आहे की चाचणीच रोग होऊन बसायची. इथे विचारपूस आणि फोडांचा आकार हीच चाचणी : तेल ओघळले तशी रेषेत उठलेली रांग, बोटांच्या बेचक्या, आणि ज्या हाताने डोळा चोळला त्या बाजूची सुजलेली पापणी.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर अशाच फोडांचे चट्टे उठू लागले. त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली छडा लावला तेव्हा कळले की चट्टे नेमके तिथेच आहेत जिथे कपड्यावर परटाची खूण आहे. यातले बरेच सैनिक मायदेशी विषारी आयव्हीने पोळलेले होते. बिब्बा त्यांना आयुष्यात प्रथमच लागत होता, पण त्यांच्या शरीराला तो ओळखीचा होता.

हीच गोष्ट धडगाव-मोलगीकडे दर वर्षी उन्हाळ्यात उलटी घडते. तिथली घरे आमचूर करतात. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, फोडी करून उन्हात वाळवायच्या आणि बाजारात विकायच्या. रोख पैशाचा तो मोठा आधार. बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले, काजू आणि चारोळीही त्यातलेच. कैरीच्या देठाशी येणारा चीक आणि सालीतली द्रव्ये बिब्ब्याच्या तेलाशी नाते सांगतात. लहानपणी जिच्या पोटावर, टाचेवर बिब्बा लावला गेला, तिच्या शरीराने ती ओळख जपून ठेवलेली असते. वीस वर्षांनी ती शंभर कैऱ्या सोलायला बसते आणि तिसऱ्या दिवशी तिचे हात फोडांनी भरतात. "आंबा तर मी जन्मापासून खाते," ती म्हणते, आणि ते खरे असते. गर सोसतो, चीक सोसत नाही. तिला आंबा सोडायला सांगायचे कारण नाही. कैरी उतरवल्यावर देठ खाली करून चीक गळू द्यावा, सोलताना हातमोजे नसतील तर कापड गुंडाळावे, चीक लागला तर लगेच, शक्यतो पाव तासाच्या आत, साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे, नखांच्या खालचाही. फोडातले पाणी लागून रोग पसरतो ही समजूत चूक आहे. पसरते ते न धुतलेले तेल, विळ्याच्या मुठीवरचे आणि लुगड्याच्या पदरावरचे. मात्र एवढे केले तरी बाळाच्या पोटावर बिब्बा लावू नका, हे सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. त्या चटक्याने पोटशूळ थांबत नाही, आणि पुढची आमचुराची हंगामी मजुरी मात्र धोक्यात येते.

सपाटीवर, तापीकाठच्या शहादा-नंदुरबारच्या शेतांत, बिब्ब्याची जागा गाजरगवताने घेतली आहे. पुण्याजवळ ते वाढल्याची नोंद १९५६ साली झाली. अमेरिकी मदतीच्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वत्र सांगतात. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याआधीच्या जुन्या नमुन्यांकडेही बोट दाखवतात. कसेही आले असो, त्याच्यामुळे होणारा त्वचारोग वैद्यकाच्या जगापुढे ठळकपणे मांडला गेला तो पुण्याच्या रुग्णांवरून. लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांचा तो लेख १९७४ सालचा. रोग्याला ओळखायला फार वेळ लागत नाही. पन्नाशीचा शेतकरी, चेहरा, मान, कोपराची लवण जाड व काळपट झालेली, पापण्या सुजलेल्या, पावसाळ्यात वाढते, हिवाळ्यात उतरते. उन्हाने झाले असे त्याला वाटते. पण उन्हाने झालेले असते तर पापण्यांवर, कानामागे, हनुवटीखाली, म्हणजे जिथे सावली असते तिथे ते आले नसते. पार्थेनिन नावाचे द्रव्य वाळलेल्या गवताच्या भुकटीबरोबर वाऱ्याने उडते आणि घडीत साचते. बांधावरचे गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, उपटायचे. ते काम घरातल्या ज्याला त्रास नाही त्याने करायचे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दहा दिवसांत चेहरा उजळतो, आणि गोळ्या थांबल्या की परत. म्हणून गावोगावी मिळणारे 'अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन' इतके लोकप्रिय. त्याच्यात बहुधा स्टेरॉइड असते, हे कुणी सांगत नाही.

आणि नंदुरबारात स्टेरॉइड देताना एक प्रश्न आधी विचारावा लागतो. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या मुलाला धाप लागली तर ती दम्याचीच असेल असे नाही. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तुंबूनही छातीत घरघर येते, आणि तो जीवघेणा प्रसंग असू शकतो. शिवाय स्टेरॉइडने अशा रुग्णात वेदनेचा झटका ओढवू शकतो, औषध थांबवल्यावर विशेषतः. लाल किंवा पिवळे सिकलसेल कार्ड घरात आहे का, हा प्रश्न अ‍ॅलर्जीच्या पाश्चात्त्य प्रश्नावलीत मी कुठे पाहिलेला नाही. माझ्या केसपेपरवर तो दुसऱ्या ओळीत आहे.

तीव्र अ‍ॅलर्जीसाठी, म्हणजे रक्तदाब कोसळणे, घसा सुजणे, यासाठी एकच खरे औषध आहे, अ‍ॅड्रेनॅलिन. प्रौढाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. त्याची कुपी काही रुपयांत येते. सातपुड्यात ते सर्वाधिक कुठे लागते? सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविष देताना. हे प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासून बनते, पिर्केच्या लसीसारखेच. आणि तसाच उलटा उत्तर देणारा देह कुणाचा तरी निघतो. म्हणून प्रतिविष सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचे. प्रतिक्रिया येईल या भीतीने प्रतिविष द्यायचे मात्र टाळायचे नाही.

अ‍ॅलर्जी बरी करण्याचा एक मार्गही आहे. लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून तो प्रथम दाखवला. आजही इम्युनोथेरपी साधारण त्याच तत्त्वावर चालते. इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांनी, तीन ते पाच वर्षे. पुण्यातला रुग्ण पाच वर्षे येऊ शकतो. इथल्या कित्येक घरांतले लोक दिवाळी होताच ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासाठी दर महिन्याचे इंजेक्शन म्हणजे अर्ध्यात सुटणारी गोष्ट. त्यांना मी सहा महिन्यांचे इन्हेलर आणि एक कागद देतो. उसाची चिपाडे ओली साठवली की त्यात बुरशीसारखे जिवाणू वाढतात. त्यांची धूळ नाकात गेली की काही तासांनी ताप, खोकला, धाप येते, रुग्णालयात तिला न्यूमोनिया समजतात. तेव्हा कागदावर व्यवसाय ठळक लिहिलेला असतो.

त्या कागदावर काय लिहायचे याइतकेच त्यावरून काय खोडायचे हेही महत्त्वाचे असते. 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' हा शेरा मला रोज दिसतो. बालपणी केव्हा तरी तापात औषध दिले, अंगावर पुरळ आले, ते विषाणूच्या तापाचे होते की औषधाचे हे कुणी पाहिले नाही, शेरा मात्र राहिला. परदेशांतल्या अभ्यासांत असा शेरा असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तपासल्यावर पेनिसिलिन बिनधोक सोसते, असे वारंवार दिसले आहे. इथे त्याला अधिक किंमत आहे. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन द्यावे लागते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत त्याने न्यूमोकॉकसचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. ज्या मुलाला हे औषध सर्वांत जास्त हवे, त्याच्याच कागदावर ते देऊ नये असे लिहिलेले असते.

अशा मुलाला आई-बापासह सकाळी बोलावतो. आधीची हकीकत विचारतो. तेव्हा श्वास अडला नव्हता, ओठ सुजले नव्हते, फोड येऊन कातडी सुटली नव्हती, एवढी खात्री झाली की पुढे जातो. अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवतो. औषधाचा दहावा भाग पाजतो, अर्धा तास थांबतो, मग उरलेला. त्यानंतर दोन तास काहीच करायचे नसते. मूल बाकावर झोपते, बाप बाहेर तंबाखू मळायला जातो आणि सारखा आत डोकावतो, आई दर पाच मिनिटांनी पोराची पाठ उघडून बघते. दुपारी मी जुन्या कागदावरचा शेरा लाल शाईने खोडतो, खाली तारीख घालून सही करतो, आणि रोजची पेनिसिलिनची मात्रा लिहून देतो.